तलावांच्या मुलखातला पारा

कॅनडाच्या नकाशात ऑन्टारियो प्रांताचा वायव्य कोपरा शोधला, तर तिथे जमिनीपेक्षा पाणीच जास्त आहे की काय, असे वाटावे. निळे ठिपके, निळ्या रेघा, पुन्हा ठिपके. या एका प्रांतात अडीच लाखांहून अधिक तलाव आहेत. वायव्येकडच्या केनोरा जिल्ह्यातले बरेचसे तलाव इतके आडवाटेला आहेत की त्यांना नावेदेखील नाहीत. काहींना केवळ क्रमांक आहेत. मधल्या जागेत काळ्या स्प्रूसचे, जॅक पाइनचे आणि भूर्जाचे जंगल. नोव्हेंबरच्या सुमारास पाणी गोठते, ते एप्रिल-मेपर्यंत. मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. अशा मुलखाकडे पाहून बाहेरच्या माणसाच्या मनात दोन विचार येतात. इथली हवा-पाणी किती शुद्ध असेल, हा पहिला. इथे काही टाकले तर कोणाचे काय बिघडणार, हा दुसरा. गेल्या साठ वर्षांत या मुलखाने हे दोन्ही विचार खोटे ठरवले आहेत, आणि त्याची किंमत तिथल्या माणसांच्या मज्जासंस्थेने मोजली आहे.

हे समजण्यासाठी आधी जमीन समजून घ्यावी लागते. कॅनडियन शील्ड नावाने ओळखला जाणारा इथला खडक अडीच अब्ज वर्षांहूनही जुना आहे. ग्रॅनाइट आणि नाइस हे त्याचे मुख्य प्रकार. शेवटच्या हिमयुगात त्यावर बर्फाचा प्रचंड थर होता. त्याने माती खरवडून नेली, खडकात खळगे पाडले आणि वितळताना ते पाण्याने भरले. बर्फाच्या कडेला अगासीझ नावाचा एक महातलाव तयार झाला होता. आजची उत्तर अमेरिकेतली पाचही महासरोवरे एकत्र केली, तरी त्यांच्यापेक्षा तो मोठा. तो ओसरला तेव्हा मागे लेक विनिपेग, हजारो बेटांचे लेक ऑफ द वूड्स आणि असंख्य लहान तलाव राहिले. इथल्या नद्या डोंगरातून उतरून थेट समुद्राला मिळत नाहीत. एका तलावात शिरायचे, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे, दलदलीत रेंगाळायचे, मग पुढच्या तलावात. माळेत मणी ओवावेत तसे तलाव नदीत ओवलेले आहेत. हे पाणी शेवटी विनिपेग नदी, लेक विनिपेग आणि नेल्सन नदी अशा वाटेने हडसनच्या उपसागराला जाते.

या रचनेचे तीन परिणाम आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ग्रॅनाइट सहजी विरघळत नाही, माती पातळ आहे, त्यामुळे पाण्यात क्षार आणि पोषकद्रव्ये फार कमी असतात. असे पाणी दिसायला नितळ, पण बाहेरून आलेले आम्ल किंवा रसायन पचवण्याची ताकद त्यात फारशी नसते. दुसरे, पाणी जागोजागी थांबत असल्याने त्यासोबत आलेला गाळही जागोजागी बसतो. घाण वाहून जात नाही, मुक्काम करते. तिसरे, दलदलीच्या आणि तलावांच्या तळाशी प्राणवायू नसलेल्या चिखलात काही विशिष्ट जिवाणू फोफावतात. हे जिवाणू सल्फेटवर जगतात, आणि समोर पारा आला तर त्याचे मिथाइल-पाऱ्यात रूपांतर करतात. या तिसऱ्या गोष्टीतच पुढच्या शोकांतिकेचे मूळ आहे.

जिथे जंगल आणि पाणी दोन्ही मुबलक, तिथे कागदाचा कारखाना येणारच. वाबिगून नदीकाठच्या ड्रायडन या छोट्या शहरात लगदा आणि कागदाची गिरणी होती. कागद पांढराशुभ्र करायचा तर क्लोरीन लागतो, लगद्यासाठी कॉस्टिक सोडा लागतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून हे दोन्ही एकाच वेळी मिळवता येतात, आणि त्या काळच्या पद्धतीत त्यासाठी पारा वापरला जाई. 1962 मध्ये ड्रायडनला असा विभाग सुरू झाला. 1970 पर्यंत तिथून सुमारे नऊ ते दहा टन पारा नदीत गेला. तो तळाशी बसला आणि दृष्टिआड झाला.

नदीच्या खालच्या अंगाला, सुमारे शंभर किलोमीटरवर, अनिशिनाबे आदिवासींची ग्रासी नॅरोज ही वस्ती आहे. त्यांच्या भाषेत असुबपीशोसीवागोंग. त्याही पुढे वाबासीमूंग, अर्थात व्हाइटडॉग. या लोकांचे जगणे पाण्याशी बांधलेले. उथळ पाण्यात उगवणारे मनोमिन, म्हणजे रानभात, ते होडीतून झोडपून काढत. वॉलाय हा मासा रोजच्या जेवणातला. बाहेरून मासेमारीच्या हौसेने येणाऱ्या पर्यटकांना वाट दाखवणे, हे अनेकांच्या रोजगाराचे साधन. पर्यटक मासा पकडत, वाटाड्या तो काठावर तळून देई आणि स्वतःही खाई. पाऱ्याने दूषित झालेला मासा दिसायला, वासाला, चवीला अगदी चांगल्या माशासारखाच असतो. तो धुतला, उकळला, तळला, तरी पारा जात नाही. कारण तो माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो.

पाण्यात त्याचे प्रमाण नगण्य असते, मग तो घातक कसा होतो? मिथाइल-पारा चिखलातून प्लवकांत जातो. लहान मासे प्लवक खातात, मोठे मासे लहान माशांना खातात, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. वॉलाय आणि पाइक हे या साखळीच्या टोकाचे शिकारी मासे. त्यांच्या शरीरातले प्रमाण भोवतीच्या पाण्याच्या लाखो पट असू शकते. माणूस त्याच्याही वरच्या पायरीवर. शरीरात गेलेल्या मिथाइल-पाऱ्यापैकी निम्मा बाहेर पडायला साधारण पन्नास दिवस लागतात. रोज मासे खाणाऱ्याच्या शरीरात तो कमी व्हायला सवडच मिळत नाही. तो मेंदूपर्यंत पोहोचतो. हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते, चालताना तोल जातो, बोलणे अडखळते, ऐकू कमी येते आणि दृष्टीचा परीघ आक्रसत जाऊन नळीतून पाहिल्यासारखे दिसू लागते. गर्भवतीच्या वारेतून तो गर्भापर्यंत जातो. आई वरकरणी ठीक असली तरी बाळाच्या घडत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

या लक्षणांना जगात आधीच एक नाव मिळाले होते. जपानच्या मिनामाता शहरात 1956 मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. म्हणजे ड्रायडनचा विभाग सुरू झाला तेव्हा मिनामाताला सहा वर्षे लोटली होती. कारखान्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मिनामाताच्या सांडपाण्यात मिथाइल-पारा थेट येत होता. ड्रायडनला टाकला गेला तो साधा पारा. तो तळाशी निपचित पडून राहतो, अशीच समजूत तेव्हा होती. तळातले जिवाणू त्याचे मिथाइल-पाऱ्यात रूपांतर करतात, हे स्वीडनच्या येन्सेन आणि येर्नेलॉव्ह या शास्त्रज्ञांनी 1969 मध्ये दाखवून दिले. त्याच सुमारास नॉर्व्हाल्ड फिम्राइटे या नॉर्वेजियन संशोधक विद्यार्थ्याने कॅनडाच्या माशांमधले पाऱ्याचे धोकादायक प्रमाण उघड केले. 1970 मध्ये पारा सोडण्यावर निर्बंध आले, व्यावसायिक मासेमारी बंद झाली. ठाऊक नव्हते हा बचाव 1970 पर्यंत चालू शकतो. त्यानंतरच्या पन्नास वर्षांना तो लागू पडत नाही, आणि खरा आक्षेप त्या पन्नास वर्षांबद्दल आहे.

मासेमारी थांबली, पर्यटकांचा ओघ आटला आणि एका फटक्यात वस्तीची रोजी आणि रोटी दोन्ही गेली. आधीच 1963 मध्ये सरकारने या लोकांना त्यांच्या जुन्या जागेवरून हलवून रस्त्याजवळच्या नव्या वस्तीत आणले होते. त्या उलथापालथीतून ते सावरलेले नव्हते. 1975 मध्ये मिनामाताचा अभ्यास केलेले जपानी डॉक्टर मासाझुमी हारादा तिथे गेले. त्यांना ओळखीची लक्षणे दिसली. पण आजार जाहीरपणे मान्य करणे आणि नुकसानभरपाई देणे या गोष्टी 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत रखडल्या. भरपाईसाठी मंडळ नेमले गेले. अर्जदाराच्या लक्षणांची तपासणी करून ती पाऱ्याशी जुळतात का, हे ते ठरवू लागले. इथे वैद्यकशास्त्राची खरी अडचण आहे. तोल जाणे, बधिरता, कमी ऐकू येणे याला मधुमेहापासून वार्धक्यापर्यंत अनेक कारणे असू शकतात. एका व्यक्तीकडे बोट दाखवून ‘हे पाऱ्यामुळेच’ असे म्हणणे अवघड असते. पण व्यक्तीबद्दलची ही शंका संपूर्ण वस्तीच्या विरोधात वापरली गेली, तर ती शास्त्राची सावधगिरी राहत नाही. ती सोयीची पळवाट होते.

याचा पुरावा पुढे मिळालाच. 1970 पासून जवळपास तीन दशके सरकारी यंत्रणेने या लोकांच्या केसांचे आणि रक्ताचे नमुने घेऊन पाऱ्याची मोजणी केली होती. त्या नोंदींचा अभ्यास करून मॉन्ट्रिअलच्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. ज्यांच्या शरीरात दीर्घकाळ पाऱ्याचे प्रमाण जास्त राहिले, त्यांच्यात साठीच्या आत मृत्यू येण्याचे प्रमाण जास्त होते, हा त्याचा निष्कर्ष. आकडे दप्तरात होते, माणसे वस्तीत मरत होती, आणि दोन्हींची सांगड घालायला अर्धे शतक लागले. नमुने घेताना माणसाचा केस कामाचा वाटतो आणि निष्कर्ष काढताना माणूस नकोसा होतो, ही सार्वजनिक आरोग्याच्या व्यवहारातली जुनी खोड आहे. मोजमाप हा उपचार नाही, आणि मोजून ते बासनात बांधून ठेवणे हा तर गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे.

या कथेला आणखी एक बाजू आहे, आणि तीमुळे ती अधिक बोचते. त्याच केनोरा जिल्ह्यात, 1968 पासून, जगातली सर्वांत विलक्षण उघडी प्रयोगशाळा चालते. ‘एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया’ या नावाने 58 लहान तलाव संशोधनासाठी राखून ठेवले गेले. परीक्षानळीत किंवा बादलीत तलाव मावत नाही. मासे, शेवाळ, चिखल, वारा, बर्फ हे सगळे एकत्र वागते तेव्हाच खरे चित्र दिसते, म्हणून अख्ख्या तलावावरच प्रयोग करायचा, ही त्यामागची कल्पना. डेव्हिड शिंडलर यांनी हे काम उभे केले. 1973 मध्ये क्रमांक 226 चा तलाव, जो मध्ये चिंचोळा आहे, पडद्याने दुभागला गेला. एका बाजूला कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्या बाजूला कर्ब, नत्र आणि स्फुरद. काही आठवड्यांतच स्फुरदाची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली. विमानातून घेतलेल्या त्या एका छायाचित्राने साबण-उद्योगाशी चाललेला वाद मिटायला मोठी मदत झाली, आणि धुण्याच्या पावडरींतले फॉस्फेट कमी करण्याच्या धोरणाला बळ मिळाले.

हा धडा महाराष्ट्राला परका नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेणारे उजनीचे हिरवे पाणी असो वा रंकाळ्यावर पसरणारी जलपर्णी, मुळाशी पोषकद्रव्यांनी भरलेले मैलापाणीच आहे. दरवर्षी जलपर्णी काढण्याच्या निविदा निघतात आणि नाल्यातून येणारे स्फुरद तसेच येत राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा प्रकार कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही.

पाऱ्याबद्दलचा महत्त्वाचा प्रयोगही इथलाच. 2001 पासून सात वर्षे क्रमांक 658 च्या तलावात आणि भोवतीच्या जमिनीवर पाऱ्याची समस्थानिके अत्यल्प प्रमाणात टाकली गेली. समस्थानिकांमुळे नवा पारा कोणता आणि आधीपासूनचा कोणता, हे वेगळे ओळखता येते. टाकणे थांबवल्यावर लहान माशांतला नवा पारा झपाट्याने घटला, आणि आठ वर्षांत पाइकसारख्या शिकारी माशांतही तो सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाला. 2021 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या निष्कर्षाचा अर्थ सरळ आहे. तोटी बंद केली तर निसर्ग लवकर प्रतिसाद देतो. इथल्याच आणखी प्रयोगांतून जंगल-दलदल पाण्याखाली बुडवल्यास, म्हणजे जलाशय बांधल्यास, मिथाइल-पारा वाढतो हेही कळले. 2012 मध्ये मात्र काटकसरीच्या नावाखाली कॅनडाच्या केंद्र सरकारने या प्रयोगशाळेचा निधी थांबवण्याचे जाहीर केले. शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी आवाज उठवल्यावर 2014 मध्ये ती एका स्वतंत्र संस्थेकडे गेली आणि वाचली. दीर्घकाळ चालणाऱ्या निरीक्षणातून उद्या काय हाती लागेल हे आज सांगता येत नाही, म्हणूनच अंदाजपत्रकाची कात्री तिथे सर्वांत आधी चालते.

मग प्रश्न असा की, तलाव बरा होतो हे ज्या जिल्ह्याने जगाला शिकवले, त्याच जिल्ह्यातली वाबिगून नदी अजून बरी का झालेली नाही? एक उत्तर भूगोलाचे आहे. प्रयोगातला पारा वरून थोडाथोडा टाकलेला होता; नदीतला टनांनी ओतलेला आणि गाळात साठलेला आहे. पूर आला की तो उकरला जातो. दुसरे उत्तर रसायनाचे. 2024 मध्ये वेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की गिरणीच्या आजच्या सांडपाण्यात पारा नसला, तरी त्यातले सल्फेट आणि सेंद्रिय द्रव्य पारा बदलणाऱ्या जिवाणूंना खुराक पुरवते. म्हणजे 1970 मध्ये एक तोटी बंद झाली, दुसरी चालूच राहिली. आजचे सांडपाणी एकट्याने तपासले तर नियमांत बसत असेलही. पण ते स्वच्छ नदीत पडत नाही, जुन्या पाऱ्यावर पडते. परवाना देताना नदीचा इतिहास विचारात घ्यायचा नाही, ही चूक कोणत्याही देशातल्या प्रदूषण नियंत्रणाला महाग पडते.

तिसरे उत्तर राजकारणाचे, आणि तेच सर्वांत वजनदार. 2017 मध्ये ऑन्टारियो सरकारने नदी स्वच्छ करण्यासाठी साडेआठ कोटी डॉलर जाहीर केले. त्यानंतरची वर्षे अभ्यासांत आणि आराखड्यांत गेली. 2020 मध्ये पाराबाधितांसाठी वस्तीतच शुश्रूषा केंद्र उभारण्याचा करार केंद्र सरकारने केला. विष नदीत गेल्याला तेव्हा अर्धशतक होऊन गेले होते. गाळ उपसला तर पारा ढवळून निघेल, हा आक्षेप खरा आहे आणि त्यासाठी काळजीपूर्वक आखणी लागतेच. पण आखणीला लागणारा वेळ आणि टाळाटाळीत जाणारा वेळ यांतला फरक पाच दशकांनंतर कोणालाही कळतो. हीच नदी एखाद्या मोठ्या शहरातून वाहत असती, तर हा वेळ लागला असता का? वस्ती हजारभर माणसांची, मतपेटीच्या दृष्टीने नगण्य, राजधानीपासून शेकडो किलोमीटर दूर. त्यांचे दूर असणे हाच त्यांच्याबाबतचा निर्णय ठरला. ही माणसे मात्र गप्प बसली नाहीत. जंगलतोडीने जमिनीतला पाराही पाण्यात उतरू शकतो, हे ओळखून 2002 च्या डिसेंबरात त्यांनी लाकूड वाहून नेणारा रस्ता अडवला, आणि ते आंदोलन कॅनडातल्या सर्वांत दीर्घ आंदोलनांपैकी एक ठरले.

पाऱ्याविरुद्धच्या जागतिक कराराला मिनामाताचे नाव आहे. 2017 मध्ये तो अमलात आला, भारतानेही 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्यावर चालणारी क्लोर-अल्कली पद्धत बंद करणे, हे त्याचे एक कलम. ते आवश्यकच आहे, पण पुरेसे नाही. नवा पारा थांबवण्याइतकेच जुन्याचा हिशेब पुरा करणे गरजेचे आहे. तो पुरा व्हायचा तर तीन गोष्टी एकदम कराव्या लागतील. दूषित नदीत पडणारे प्रत्येक सांडपाणी त्या नदीच्या अवस्थेनुसार तोलले जावे. माणसांच्या शरीरातून गोळा केलेले आकडे आधी त्या माणसांना आणि त्यांच्या डॉक्टरांना मिळावेत. आणि शंकेचा फायदा आजाऱ्याला मिळावा. शुश्रूषेसाठी त्याला आपला आजार न्यायालयात सिद्ध करावा लागू नये.

उत्तरेकडच्या या तलावांना बाहेरचे जग आजही निर्मनुष्य आणि निर्मळ समजते. नकाशावर ते तसे दिसतातही. पण त्या माळेतला प्रत्येक मणी पुढच्याशी जोडलेला आहे, आणि शेवटच्या मण्याच्या काठावर कोणीतरी चूल पेटवून मासा तळत असते. वरच्या अंगाला बसून परवान्यावर सही करणाऱ्याने त्या चुलीपासून विचाराला सुरुवात करायला हवी.